रोगाच्या पोटी रोग

‘अंगावर जास्त जातंय’ असं बाई सांगते, तेव्हा घरात फारसं कोणी दचकत नाही. काही महिन्यांनी जिना चढताना तिला धाप लागते, चेहरा पांढुरका पडतो आणि मग धावपळ सुरू होते. एक रोग दुसऱ्याला जन्म देतो, हे आयुर्वेदाने फार पूर्वी हेरलं होतं. दुसऱ्याचं कारण ठरणाऱ्या अशा रोगाला ‘निदानार्थकर’ म्हणतात.

हा विचार चरकसंहितेत निदानस्थानाच्या आठव्या, अपस्माराच्या अध्यायात येतो. तापातून रक्तपित्त, प्लीहा वाढली की उदर (पोट फुगण्याचा रोग), पडशातून खोकला, खोकल्यातून क्षय अशी तिथली उदाहरणं. पुढे माधवकराने ती ‘माधवनिदाना’च्या आरंभीच घेतली.

या यादीत खास बायकांचा म्हणावा असा एकही रोग नाही, याची मला खंत वाटते. कारण साखळी ग्रंथांना ठाऊक होती, फक्त ती दुसरीकडे सापडते. चरकाच्याच चिकित्सास्थानातल्या तिसाव्या अध्यायात 20 योनिव्यापदी (स्त्रीच्या जननमार्गाचे विकार) सांगून झाल्यावर, त्यांतून गर्भ न राहणं, गुल्म (पोटातला गोळा), मूळव्याध, प्रदर उद्भवतात असं म्हटलं आहे. सुश्रुत शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात असृग्दराबद्दल, म्हणजे अंगावर जास्त जाण्याबद्दल, आपल्या रक्तप्रदराबद्दल, सांगतो: रक्त फार गेलं की अशक्तपणा, भोवळ, तहान, दाह आणि पांडुता येते. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेल्या, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुश्रुत (1938) आणि चरक (1941) या प्रतींत हे सारं वाचता येतं.

चरकाचा सगळ्यात मोलाचा बारकावा मात्र पुढचा आहे. काही रोग दुसऱ्याला जन्म देऊन स्वतः शमतात, काही शमत नाहीत, दोन्ही सोबत राहतात. पहिला शमला म्हणून दुसरा आपोआप जात नाही. रक्तप्रदरात हे तंतोतंत दिसतं. पाळी आटोक्यात येते, बाई ‘बरी झाली’ म्हणून औषध थांबतं, आणि रक्तासोबत गेलेल्या लोहाचा शरीरातला साठा रिकामाच राहतो. म्हणून तर हिमोग्लोबिन सुधारल्यावरही डॉक्टर लोहाच्या गोळ्या काही महिने चालू ठेवायला सांगतात. चरकानेही पांडूला, म्हणजे रक्तक्षयाशी जुळणाऱ्या रोगाला, वेगळा अध्याय दिला, आणि त्यातल्या ‘नवायस’ चूर्णात लोहच मुख्य आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. प्रत्येकीचं कारण पाळी नसतं. पण धाप लागते म्हणून आलेल्या बाईला ‘अंगावर किती जातं?’ हे विचारायलाच हवं.