डायनासोर-चित्रांची शारीरिक रुजुवात

डायनासोर-चित्रांची शारीरिक रुजुवात : नामशेष झालेल्या डायनासोराचे जे चित्र, शिल्प वा प्रतिकृती कलावंत सिद्ध करतो, तिच्यातील अस्थिरचना, स्नायूंची ठेवण, त्वचा, पवित्रा आणि सभोवतालचा निसर्ग यांचा उपलब्ध जीवाश्मांशी मुकाबला करून, त्यांपैकी काय सिद्ध, काय संभाव्य आणि काय केवळ कल्पित याचा निवाडा देण्याचे काम. हे काम पुराजीवशास्त्रज्ञाचे आहे आणि शरीररचना जाणणाऱ्या चित्रकाराचेही आहे. किंबहुना या दोघांनी एका मेजाशी बसून, हाडामागून हाड घेत, चित्रातील प्रत्येक रेषेला ‘तुझा दाखला कोणता’ असे विचारले, तरच ते नीट पार पडते.

या कामाची निकड प्रथम इंग्लंडात प्रत्ययास आली. रिचर्ड ओवेन यांच्या मार्गदर्शनाखाली बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात 1854 साली जे महाकाय पुतळे उभे केले, त्यांतील इग्वानोडॉन चारी पायांवर गेंड्याप्रमाणे उभा असून त्याच्या नाकावर एक शिंग बसविलेले आहे. आणि 1878 साली बेल्जममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत त्या प्राण्याचे अनेक सांगाडे सापडल्यावर सिद्ध झाले, की ते शिंग नसून हाताच्या अंगठ्याचा काटा होता. हॉकिन्स यांच्या कारागिरीत येथे काहीच उणे नव्हते. हाड खरे होते, पण त्याची जागा चुकली होती. या क्षेत्रातील बहुतेक प्रमाद याच जातीचे असतात. चित्र कौशल्याने रंगविलेले असते आणि म्हणूनच पाहणारा त्यातील चूक निमूटपणे स्वीकारतो.

महाराष्ट्रात अशा रुजुवातीसाठी डायनासोराच्या अस्थी कोठे मिळतील ते आधी पाहू, आणि आरंभ कोकणापासून करू. पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि त्याच्या आसपासची उलवे-जासईची भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, आहे. हे थर पनवेलच्या परिसरात समुद्राच्या दिशेने वाकून कलले आहेत, आणि या वाकेला भूशास्त्रात ‘पनवेल फ्लेक्शर’ हे नाव जे. बी. ऑडन यांच्या 1949 मधील लेखनापासून रूढ झाले. लाव्हारसाच्या या राशींत डायनासोराचे हाड शोधणे व्यर्थ होय. गव्हाणहून सर्वांत जवळचे प्रसिद्ध पृष्ठवंशी जीवाश्म म्हणजे खाडीपलीकडे मुंबईत, वरळीच्या परिसरात, लाव्हाच्या दोन थरांमधील गाळखडकांत मिळालेले चिमुकले बेडूक, ज्यांचे वर्णन ओवेन यांनी 1847 साली केले व ज्यांस पुढे इंडोबॅट्रॅकस हे नाव मिळाले. पण ते बेडूक डायनासोर लोपल्यानंतरच्या काळातले मानले जातात. यास्तव महाराष्ट्राच्या डायनासोराची रुजुवात करू इच्छिणाऱ्याने कोकण सोडून थेट चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्याकडे वळले पाहिजे. तेथे पिसदुरा आणि डोंगरगाव या दोन गावांच्या परिसरात, दख्खनच्या लाव्हाथरांच्या, म्हणजे ट्रॅपच्या, खालील ‘लामेटा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या प्राण्यांचे अवशेष मिळतात. पिसदुऱ्याच्या अस्थींकडे नागपूरचे पाद्री व भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच गेले होते.

डोंगरगावच्या टेकडीत 1984 ते 1986 या काळात एका टायटॅनोसॉराचा, म्हणजे सॉरोपॉड या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांपैकी एका गटातील प्राण्याचा, जो सांगाडा मिळाला, तो महाराष्ट्रातील चित्ररुजुवातीचे मुख्य प्रकरण होय. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 साली त्याचे वर्णन ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय’ या नावाने प्रसिद्ध केले. 2003 साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी त्याची वेगळी प्रजाती मानून त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘आयसिसॉरस’ हे नाव दिले. मान, पाठ, कटी व शेपूट यांचे मणके, फासळ्या, श्रोणी, अंसफलक आणि पुढचा एक पाय एवढे एकाच प्राण्याचे, बहुतांशी परस्परांना लागून राहिलेल्या स्थितीत हाती आले. टायटॅनोसॉर गटात एवढा सलग ऐवज विरळाच. इतर कित्येक जातींची ओळख दोन-चार मणक्यांवर भागवावी लागली आहे. परंतु डोक्याची कवटी मिळाली नाही, आणि मागचे पाय व त्यांचे पंजेही मिळाले नाहीत.

आता या अभावाचा चित्रावर काय परिणाम होतो तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. पुढच्या पायाचे वरचे हाड, म्हणजे प्रगंडास्थी, सुमारे दीड मीटर लांब आहे, आणि त्यावरून खांदा बराच उंच होता असे अनुमान निघते. मान टायटॅनोसॉरांच्या मानाने आखूड असल्याचेही मणक्यांवरून सुचविले गेले आहे. या दोन गोष्टींना धरून अनेक चित्रकार आयसिसॉरसची पाठ तरसाप्रमाणे मागे उतरती दाखवितात. खांद्याची उंची हाडावरून आली, हे मान्य. पण उतार ठरतो तो खांदा आणि कटी या दोहोंच्या तुलनेने, आणि कटीची उंची ज्या मागच्या पायावर अवलंबून, तो पाय तर सापडलेलाच नाही. त्या पायाची लांबी नातेवाईक जातींच्या प्रमाणावरून घेतलेली असते. ते प्रमाण थोडे बदलले की उतार सौम्य होतो, आणि चित्रातील प्राण्याचे सारे व्यक्तिमत्त्व बदलते. ज्या आकृतीला लोक आयसिसॉरसची ओळख समजतात, तिचा निम्मा आधार असा अनुमानाचा आहे, आणि रुजुवात करणाऱ्याने हे चित्राच्या समासात स्पष्ट लिहिले पाहिजे.

मस्तकाची गोष्ट याहून नाजूक. डोंगरगावच्या प्राण्याला कवटी नसल्याने त्याच्या प्रत्येक चित्रातील डोके दुसऱ्या जातीकडून उसने आणलेले असते. उसनवारीस जवळचा आणि योग्य सावकार म्हणजे मादागास्करचा रॅपेटोसॉरस, ज्याचे वर्णन 2001 साली झाले व ज्याची कवटी चांगली माहीत आहे. भारत आणि मादागास्कर क्रिटेशस काळातच परस्परांपासून अलग झाल्याने हे नाते भूगोलालाही धरून आहे. तेव्हा लांबट मुख, पेन्सिलीसारखे बारीक दात आणि अस्थिमय नासारंध्रे डोळ्यांच्या पातळीजवळ, ही ठेवण संभाव्य म्हणून स्वीकारता येते. मात्र मांसल नाकपुड्या हाडातील रंध्रांच्या पुढच्या टोकाकडे असाव्यात असे लॉरेन्स विटमर यांनी 2001 मध्ये दाखविले असल्याने, कपाळावर नाकपुड्या रंगविणारी जुनी पद्धत आता सोडलेली बरी. उसन्या मस्तकाचा धोका किती दीर्घकाळ टिकतो याचा दाखला अमेरिकेत पाहावयास मिळतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातील अपॅटोसॉरसच्या सांगाड्यावर 1934 पासून कॅमॅरासॉरसच्या धर्तीचे आखूड, बोथट डोके बसविलेले होते. ते 1979 साली बदलले गेले, आणि तोवर तेच डोके असंख्य पुस्तकांत, पोस्टरांत व खेळण्यांत जाऊन बसले होते.

पायांविषयी एक तपशील असा, की तो डोळ्यांखालून घातल्याबरोबर निम्मी चित्रे बाद होतात. टायटॅनोसॉरांच्या पुढच्या पंजात तळव्याची पाच हाडे अर्धवर्तुळात उभी, एखाद्या पोकळ स्तंभाप्रमाणे, रचलेली असत. बोटांची हाडे जवळजवळ किंवा पूर्णपणे लोपलेली असत. म्हणजे पुढच्या पायाला ना बोटे, ना नखे. खाली उमटे तो नालेच्या आकाराचा ठसा. मागच्या पंजाला मात्र बळकट नखे होती. चित्रकार हत्तीचा पाय डोळ्यांपुढे ठेवून चारही पायांना सारखी गोल नखे काढतो, आणि वाचकालाही ती स्वाभाविक वाटतात. शिवाय या गटाच्या प्राण्यांची ठसेमालिका रुंद असते, म्हणजे डावी-उजवी पावले शरीराच्या मध्यरेषेपासून दूर पडत. समोरून काढलेल्या चित्रात पाय एकमेकांना चिकटून असतील तर ते चित्र परत पाठवावे.

शेपटीच्या बाबतीत प्रमाद पुष्कळ कमी झाले आहेत. जमिनीवर फरफटणारी शेपूट आज सहसा कोणी रंगवीत नाही, कारण ठशांच्या मालिकांत शेपटीच्या ओरखड्याची खूण क्वचितच मिळते. टायटॅनोसॉरांच्या शेपटीचा मणका पुढे खोलगट व मागे गोळ्यासारखा फुगीर असतो. जबलपूरच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी 1877 साली टायटॅनोसॉरस ही प्रजाती स्थापिली, तेव्हाही हा विशेष नजरेत भरला होता. अशी शेपूट लवचीक असणार, काठीसारखी ताठ नव्हे. मानेचा प्रश्न मात्र अद्याप वादग्रस्त आहे: केंट स्टीव्हन्स व मायकेल पॅरिश यांनी 1999 मध्ये काही सॉरोपॉडांची मान आडवी ठरविली, तर 2009 मध्ये मायकेल टेलर, मॅथ्यू वेडेल व डॅरेन नेश यांनी जिवंत प्राण्यांच्या सवयींवरून उंच मानेचा पक्ष मांडला. अशा ठिकाणी दोन्ही पवित्रे ग्राह्य धरावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्वचेच्या बाबतीत भारतात एक सावध करणारा प्रसंग घडून गेला आहे. जबलपूरच्या लामेटा थरांतून मिळालेल्या हाडांवरून चार्ल्स मॅटली यांनी ‘लामेटासॉरस’ हा चिलखतधारी प्राणी कल्पिला; पुढे त्या ऐवजातील काही हाडे मांसाहारी डायनासोराची आणि त्वचेतील अस्थिपट्टे बहुधा टायटॅनोसॉराचे असल्याचे ध्यानात आले, आणि तो प्राणी पृथ्वीवर कधी चाललाच नव्हता असे ठरले. आयसिसॉरसच्या पाठीवर मगरीसारख्या पट्ट्यांच्या रांगा काढण्यास म्हणून आधार नाही. काही टायटॅनोसॉरांना असे पट्टे होते, त्यांची संख्या व मांडणी मात्र अज्ञात आहे. रंगाविषयी तर सॉरोपॉडांच्या बाबतीत चित्रकाराला मोकळीक द्यावी. 1996 मध्ये चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्ससारख्या लहान, पिसधारी मांसाहाऱ्यांत 2010 मध्ये रंगद्रव्यकणांवरून तांबूस पट्टेदार शेपूट सिद्ध करता आली, तशी सोय येथे नाही. गुजरातेतील राहिओलीच्या राजासॉरसचे चित्र तपासताना उलट सक्ती करावी: त्याच्या कपाळावर एक आखूड, बसके शिंग होते, हे 2003 च्या वर्णनातून निश्चित आहे, हात सापडलेले नाहीत, पण त्याच्या आबेलिसॉर कुळातील इतरांवरून ते अतिशय तोकडे असावेत. लांब, पकड घेणारे हात असलेला राजासॉरस मान्य करू नये. कोणत्याही मांसाहारी डायनासोराचे तळहात टाळी वाजविण्याच्या स्थितीप्रमाणे आत वळलेले असावेत, जमिनीकडे पालथे नसावेत, हा नियम सर्वांनाच लागू पडतो.

भोवतालचा निसर्ग तपासणे हेही रुजुवातीचेच अंग. येथे पिसदुऱ्याने जगभरच्या पडताळणीचा एक नियमच बदलून टाकला आहे. डायनासोराच्या पायाखाली गवत दिसले की चित्र चूक, असे पूर्वी बेधडक सांगत असत, कारण गवताचा उदय नंतरचा मानला जाई. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत, जी टायटॅनोसॉरांची समजली जाते, वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवताच्या पेशींत तयार होणारे सूक्ष्म सिलिकाकण ओळखले आणि 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्याच विष्ठेत ताडवर्गीय वृक्ष, सूचिपर्णी झाडे व द्विदल वनस्पती यांचेही अंश होते. त्यावरून आयसिसॉरसच्या चित्रात झाडोऱ्याच्या कडेला गवताचे पुंजके दाखविण्यास चंद्रपूरचाच पुरावा आहे; विस्तीर्ण कुरण मात्र नाही, कारण गवताळ माळराने फार पुढे, डायनासोर जाऊन कोट्यवधी वर्षांनी, पसरली. तसेच पाठीमागे सह्याद्रीचे कडे रंगविणे चूक. पनवेलच्या चित्रकाराला कर्नाळ्याचा सुळका मोहात पाडील, पण तो ज्या बेसाल्टाचा बनला तो लाव्हा डोंगरगावच्या अस्थींच्या थरांवर पसरलेला आहे, आणि कड्यांचे आजचे रूप झिजेने त्यानंतर आले. दूरवर ज्वालामुखीचा धूर चालेल, कारण कच्छातील अंजार येथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातही डायनासोराचे अवशेष मिळाले आहेत. बारापासॉरसला आयसिसॉरसच्या शेजारी उभे करणे मात्र मुळीच चालणार नाही, कारण तो गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातील आरंभीच्या जुरासिक काळचा असून दोहोंमध्ये दहा कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे.

अलीकडे तपासणीचा एक नवा दोष समोर आला आहे, तो अतिकृशतेचा. हाडांचे दाखले मागण्याची शिस्त लागल्यापासून कित्येक चित्रकार कवटीवर आणि बरगड्यांवर नुसती कातडी ताणून बसवू लागले, जणू मांस, चरबी व सैल त्वचा यांचा पुरावा नाही म्हणून त्या नव्हत्याच. जॉन कॉनवे, सी. एम. कोसेमेन आणि डॅरेन नेश यांनी 2012 च्या ‘ऑल यस्टरडेज’ या पुस्तकात या प्रवृत्तीचे परीक्षण करून, आजच्या प्राण्यांना केवळ सांगाड्यावरून रंगविले तर ते किती विपरीत दिसतील हे चित्रांनी दाखविले. हाडाच्या पुराव्याचा आग्रह धरणाऱ्यानेही हे मानले पाहिजे, की जिवंत शरीर हाडांपेक्षा मोठे असते. आयसिसॉरसच्या पोटाचा घेर फासळ्यांच्या आत मोजणे ही तितकीच मोठी चूक होय.

प्रत्यक्ष तपासणीस चित्रकाराच्या पूर्ण रंगीत कामापूर्वीचा कच्चा आराखडाच घ्यावा, आणि तो पार्श्वदर्शी अस्थिरेखाटनावर ठेवून खांदा, कटी, कोपर, गुडघा व मानेचे पहिले-शेवटचे मणके यांच्या जागा जुळवाव्यात. रंग चढल्यावर केलेली दुरुस्ती कोणीच खुशीने करीत नाही, आणि चुकीचा पाय सुंदर छायेसह तसाच छापला जातो. मराठी पाठ्यपुस्तके, विज्ञानमासिके आणि शाळांच्या भिंती यांसाठी चित्रे काढविणाऱ्यांना विनंती आहे, की प्रत्येक डायनासोर-चित्राखाली एकच ओळ अवश्य छापावी: सापडलेली हाडे कोणती, आणि बाकीचे कोणाकडून घेतले. आयसिसॉरसच्या चित्राखाली ती ओळ अशी असेल, की मान, पाठ, कटी, शेपूट, फासळ्या, श्रोणी, खांदा व पुढचा एक पाय डोंगरगावचा. डोके मादागास्करच्या रॅपेटोसॉरसकडून. मागचे पाय व पंजे अन्य टायटॅनोसॉरांच्या प्रमाणावरून.