शरण

‘शरण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खाली घातलेली मान येते. हत्यार टाकलं, शरण आला. संस्कृतात हा शब्द इतका दीनवाणा नाही. अमरकोशात त्याचे अर्थ दोन: घर आणि रक्षणकर्ता. म्हणजे शरणार्थी मुळात घर मागणारा. लोटांगण आपण त्याच्या माथी मारलं.

‘निर्वासित’ याहून बोलका. ‘वस्’ म्हणजे राहणे, पण रूप प्रयोजक. हा माणूस निघाला नाही, त्याला काढलं गेलं. काढणारा मात्र शब्दात कुठेच नाही. (व्याकरणही कधी कधी गुन्हेगाराला सोयीचं असतं.)

जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे निर्वासिताला परत धाडू नये, असं १९५१च्या निर्वासितविषयक कराराचं ३३वं कलम सांगतं. भारताने त्यावर सही केलेली नाही. पण करार जन्मण्याआधीच, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर तिथे फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर ते हेच.