किती खपवून घ्यायचं?

एप्रिल १६११, लंडन. थेम्सच्या दक्षिण काठाला नाव लागते आणि गर्दीबरोबर तुम्हीही ग्लोब नाट्यगृहाकडे निघता. दारातल्या डब्यात एक पेनी टाकली की थेट अंगणात. वर उघडं आभाळ, भोवती हेझलनट फोडत उभे असलेले लोक. आज शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' आहे. याच महिन्यात सायमन फॉरमन नावाचे वैद्य-ज्योतिषी इथे हे नाटक बघून त्याची हकिगत वहीत टिपून ठेवणार आहेत.

स्कॉटलंडचा राजा डंकन सज्जन, पण भोळा. कॉडरच्या सरदाराने दगा दिला म्हणून त्याची पदवी तो आपला सेनापती मॅकबेथ याला देतो आणि पाठोपाठ मॅकबेथच्याच वाड्यात मुक्कामाला जातो. भर दुपारच्या उन्हात एक नट पेटती मशाल घेऊन येतो. तेवढ्यावरून तुम्ही ओळखायचं की रात्र झाली. त्याच रात्री पाहुण्या राजाचा खून होतो.

आता मॅकबेथ राजा आहे. भरल्या मेजवानीत तो आपला जुना साथी बँको याच्या नावाने प्याला उचलतो, बसायला वळतो, तर खुर्चीत बँकोच! मॅकबेथनेच मारेकरी घालून संपवलेला. सारं अंगण श्वास रोखून बघतं. पण भूत गेल्यावर तो बायकोशी काय बोलतो, तेही कान देऊन ऐका: प्रत्येक सरदाराच्या घरात त्याने एक नोकर फितवून ठेवला आहे.

पुढे एक प्रवेश इंग्लंडमधला आहे. तिथला राजा एडवर्ड रंगमंचावर येतच नाही. त्याच्या स्पर्शाने गंडमाळा बरी होते या श्रद्धेने रोगी ताटकळत आहेत, एवढंच कळतं. एका राजाच्या दारात प्रजा आशेने थांबली आहे. दुसऱ्याचे हेर प्रजेच्या घरात शिरले आहेत. दोन राजवटींतला फरक इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवला असेल.

इथेच डंकनचा मुलगा माल्कम स्कॉटिश सरदार मॅकडफची परीक्षा घेतो. मॅकबेथने जाळ्यात ओढायला पाठवलेली माणसं त्याने पाहिली आहेत. बापाचा भोळेपणा त्याला परवडणारा नाही. तो म्हणतो, मी स्त्रीलंपट आहे. मॅकडफ म्हणतो, गुपचूप निभावून नेता येईल. मी पैशाचा हावरट आहे. हे जास्त वाईट, पण स्कॉटलंडची संपत्ती पुरून उरेल. बाकी गुण असले म्हणजे झालं. न्याय, सत्य, संयम, दया यांतलं माझ्याकडे काहीच नाही, असं माल्कम सांगतो, तेव्हा कुठे मॅकडफ उसळतो: असला माणूस राज्य करायलाच काय, जगायलाही लायक नाही!

शेक्सपिअरने इतिहास वाकवला, हे खरं. त्याने आधाराला घेतलेल्या होलिनशेडच्या बखरीत मॅकबेथ दहा वर्षं चांगला कारभार करतो आणि बँको डंकनच्या खुनाच्या कटात सामील असतो. पण तेव्हाचा राजा जेम्स बँकोला आपला पूर्वज मानत होता आणि शेक्सपिअरची मंडळी त्याच्याच आश्रयाखाली होती. तरीही मॅकडफची ही घासाघीस खोटी वाटत नाही. मॅकडफ देशावर जीव टाकणारा माणूस आहे, आणि तोही दोन दुर्गुण सोडून देतो.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या नेत्याबद्दल 'खातो, पण कामं करतो' असं कुणी म्हणालं, तर मॅकडफने दिलेली दुसरी सवलत आठवा. नाही म्हणायचं ते तिथेच म्हणा.