दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक प्रशिक्षण : राष्ट्रकुल योजना आणि हिंदुस्थान

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धात विमानांइतकीच प्रशिक्षित वैमानिकांची निकड होती. इंग्लंडचे आकाश शत्रूच्या टप्प्यात असल्याने प्रशिक्षणासाठी दूरच्या सुरक्षित भूमीचा आधार घ्यावा लागला. या साम्राज्यव्यापी व्यवस्थेत हिंदुस्थानचे स्थान काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राष्ट्रकुल योजनेचे स्वरूप :
१७ डिसेंबर १९३९ रोजी ओटावा येथे ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यात प्रशिक्षण करार झाला. १९४५ पर्यंत एकट्या कॅनडात सुमारे १,३१,५०० हवाई कर्मचारी तयार झाले. त्यांत वैमानिक जवळपास ५०,००० होते. या करारावर हिंदुस्थानची स्वाक्षरी नव्हती. कॅनडाने १० सप्टेंबर १९३९ रोजी स्वतंत्रपणे युद्ध पुकारले, तर हिंदुस्थानला व्हाइसरॉयने लोकप्रतिनिधींना न विचारता ३ सप्टेंबर रोजीच युद्धात ओढले. याच्या निषेधार्थ त्या वर्षाच्या अखेरीस प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. स्वायत्त वसाहत आणि परतंत्र देश यांतील हे अंतर प्रशिक्षणाच्या धोरणातही उमटले.

पूर्वपीठिका :
पहिल्या महायुद्धात मोजक्याच हिंदी तरुणांना ब्रिटिश हवाई दलात प्रवेश मिळाला. त्यांपैकी मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर व बंगालचे इंद्रलाल रॉय १९१८ मध्ये धारातीर्थी पडले. तरीही हिंदी अधिकाऱ्यांसाठी क्रॅनवेलचे दार १९३० मध्ये उघडले, तेही स्कीन समितीच्या शिफारशीनंतर. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची विधिवत स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे चार वापिटी विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली.

युद्धकालीन रचना :
युद्धाच्या रेट्याने हे चित्र पालटले. मुलकी उड्डाण परवाना असलेले २४ हिंदी वैमानिक १९४० मध्ये इंग्लंडला रवाना झाले. देशातही टप्प्याटप्प्याची व्यवस्था आकारास आली. लाहोरच्या वॉल्टन येथे प्रारंभिक शिक्षण, बेगमपेठ व जोधपूर येथे टायगर मॉथ या दुपंखी विमानावर प्राथमिक उड्डाण, अंबाला येथे प्रगत प्रशिक्षण आणि शेवटी रिसालपूर-पेशावर परिसरात युद्धसराव असा हा क्रम होता. प्राथमिक उड्डाणाची दोन्ही केंद्रे संस्थानी मुलखात होती, ही बाब लक्षणीय आहे. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह स्वतः विमानविद्येचे चाहते होते. बेगमपेठ हे निजामाच्या हैदराबादेत; याच राज्याची सीमा सोलापूर जिल्ह्याला भिडलेली होती.

प्रशिक्षणाच्या या विस्तारामुळे एका स्क्वाड्रनचे दल युद्धाअखेर नऊ स्क्वाड्रनांचे झाले. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या स्क्वाड्रनने मोलाची कामगिरी बजावली. १९२० मध्ये मुंबईत जन्मलेले हृषीकेश मूळगावकर १९४० मध्ये दलात दाखल झाले. पुढे ते महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ या काळात वायुदलप्रमुख होते.

फाळणीचा आघात :
१९४७ मध्ये ही साखळी मधोमध तुटली. लाहोर, रिसालपूर व पेशावर पाकिस्तानात गेले. अंबाला व जोधपूर भारतात राहिले. बेगमपेठ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत भारताच्या अधिकाराबाहेर होते. म्हणजे पहिला आणि शेवटचा असे दोन्ही टप्पे भारताने गमावले आणि मधल्या टप्प्यातील एक केंद्रही वर्षभर दुरावले. अशा अवस्थेत नवे राष्ट्र ऑक्टोबर १९४७ मध्येच काश्मीरच्या संघर्षाला सामोरे गेले.

निष्कर्ष :
ही व्यवस्था साम्राज्याने आपल्या गरजेपोटी उभारली. हिंदी जनतेची संमती तिच्यामागे नव्हती. १९४२ च्या आंदोलनात तरुण तुरुंगात जात असताना काही तरुण त्याच सरकारच्या विमानांत शिकत होते. या दोहोंपैकी एकालाच देशभक्त ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या निर्णयात देशाला स्थान नव्हते, त्याच निर्णयातून लाभलेले मनुष्यबळ स्वातंत्र्यानंतर देशाच्या उपयोगी पडले. इमारती व विमाने फाळणीत वाटली गेली, पण आत्मसात झालेले कौशल्य माणसांबरोबर राहिले. हैदराबादजवळ दुंडीगल येथील वायुसेना अकादमीत आज चालणाऱ्या प्रशिक्षणाची पाळेमुळे या युद्धकालीन वर्गांपर्यंत पोहोचतात.