वाईचे डॉक्टर

* वाईचे डॉक्टर : डॉ. शंतनू अभ्यंकर. दारव्ह्याच्या दवाखान्याबद्दल सांगता सांगता लेखक नाव न घेताच पुढे जातो, म्हणून हा खुलासा. यवतमाळकडच्या वाचकाला वाई म्हटले की माहूरजवळचे वाई बाजार आठवेल. इथे अभिप्रेत आहे ते कृष्णाकाठचे, सातारा जिल्ह्यातले. अभ्यंकर तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. आधी होमिओपॅथीची पदवी, मग आधुनिक वैद्यकाचे शिक्षण, असा त्यांचा प्रवास. पुढे होमिओपॅथीवर त्यांनी सडकून टीका केली आणि ती करणारा माणूस त्याच घरातून बाहेर पडलेला असल्याने तिला वेगळी धार आली. ‘फादर टेरेसा आणि इतर वल्ली’ हे त्यांचे विनोदी अंगाचे पुस्तक. तरी त्यांना निव्वळ विनोदी लेखक म्हणणे अपुरे ठरेल. रिचर्ड डॉकिन्स यांच्या पुस्तकाचा ‘जादुई वास्तव’ हा अनुवाद त्यांचाच. आमच्या मते त्यांचा विनोद सर्वांत उपयोगी पडला तो लोक जिथे कुजबुजतात तिथे: मासिक पाळीवरच्या पुस्तकाला ‘पाळी मिळी गुपचिळी’ हे नाव देणारा डॉक्टर निम्मा संकोच मुखपृष्ठावरच उतरवतो. (तालुक्याच्या शाळांनी ते मागवावे, ही संपादकाची आगाऊ सूचना.) फुप्फुसाच्या कर्करोगाने 15 ऑगस्ट 2024 रोजी त्यांचे निधन झाले. आजारपणातही त्यांनी लिहिणे सोडले नव्हते. लेखकाने पुढच्या परिच्छेदात ‘शेवटपर्यंत’ म्हटले आहे ते या अर्थाने.