‘न्योक्की’ : एका नांवाची कुळकथा

पदार्थाचें नांव त्यांत पडणाऱ्या जिनसांवरून पडतें, असा सर्वसाधारण समज आहे. इटलींतील ‘न्योक्की’ हा त्यास एक मनोरंजक अपवाद होय. उकडलेला बटाटा कुसकरून त्यांत गव्हाचें पीठ मळावें, त्याच्या लांब वळ्या करून बोटाच्या पेराएवढे तुकडे कापावे आणि ते उकळत्या पाण्यांत सोडावे. तुकडे तरंगूं लागले, कीं पदार्थ सिद्ध झाला. लोणी व किसलेलें चीज घालून तो वाढतात. एका तुकड्यास ‘न्योक्को’ म्हणतात. ‘न्योक्की’ हें त्याचें अनेकवचन.

या नांवांत बटाट्याचा मागमूसही नाहीं. इटालियन भाषेंत लाकडांतील गांठीला ‘नोक्क्यो’ म्हणतात. कांहीं व्युत्पत्तिकार ‘न्योक्को’चा संबंध त्या शब्दाशीं जोडतात. दुसरे त्याचें मूळ लाँगोबार्ड लोकांच्या भाषेंत शोधतात. जर्मन भाषाकुळांतील हे लोक इ. स. ५६८ मध्यें आल्प्स ओलांडून इटलींत उतरले. ७७४ मध्यें शार्लमेननें त्यांचें राज्य बुडविलें आणि पुढें त्यांची भाषाही लुप्त झाली. परंतु गांठ किंवा सांधा या अर्थाचा त्यांचा शब्द मागें राहिला. बोटाच्या सांध्याला इटालियन लोक ‘नोक्का’ म्हणतात, तो शब्द त्यांतूनच आलेला. इंग्रजीतील ‘नकल’ हाही त्याचा भाऊबंद. मतें दोन असलीं तरी तात्पर्य एकच, कीं न्योक्को म्हणजे गांठ, गोळा.

नांव आकाराचें, म्हणूनच आंतील द्रव्य बदललें तरी तें टिकलें. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतला. युरोपांत तो सोळाव्या शतकांत आला आणि इटलींतील सामान्य जनांच्या ताटांत पडावयास त्याला आणखी दोन शतकें तरी लागलीं. तोंपर्यंत पीठ, पावाचा चुरा, चीज यांचेच गोळे होत. चौदाव्या शतकाच्या मध्यास बोकाच्चोनें लिहिलेल्या ‘डेकॅमेरॉन’मध्यें एका काल्पनिक सुखभूमीचें वर्णन आहे. तेथें किसलेल्या चीजचा डोंगर असून त्यावरील लोक ‘माकारोनी’ कोंबड्याच्या रश्श्यांत उकडून खालीं लोटून देतात; ज्याच्या हातीं अधिक लागेल, त्याची चैन! ती माकारोनी आजच्यासारखी पोकळ नळी नसून न्योक्कीसारखे गोळेच असावेत, असें अनेक अभ्यासक मानतात. रोममध्यें तर आजही रव्याच्या चकत्या भट्टींत भाजून त्यांस न्योक्कीच म्हणतात.

पेल्लेग्रीनो आर्तुझी यांनीं १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथांत बटाट्याच्या न्योक्कीची कृति आहे आणि सोबत एक गमतीची हकीकतही. एका बाईंनीं भांड्यांत डाव घालून पाहिला, तों न्योक्की अदृश्य! पीठ कमी पडल्यानें सारे गोळे पाण्यांत विरघळून गेले होते.

इटालियन स्थलांतरितांबरोबर हा पदार्थ अर्जेंटिनांत गेला. पगार संपत आला असतां, दर महिन्याच्या २९ तारखेस, तो करण्याची तेथें चाल पडली. आणि जो सरकारी नोकर महिनाअखेर पगार घेण्यापुरताच कचेरींत उगवतो, त्यालाही लोक ‘न्योकी’ म्हणूं लागले.

तेव्हां जुन्या ग्रंथांत ओळखीचें नांव आढळलें, म्हणजे पदार्थही ओळखीचाच असेल, असें धरून चालूं नये. राज्य गेलें, भाषा गेली, पिठाच्या जागीं बटाटा आला; नांवाची गांठ मात्र सुटली नाहीं.