तेरा वर्षं एकाच क्लबात

ट्रॉम्बेत रविवारी सकाळी फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या पाठीवर मँचेस्टर युनायटेड हमखास दिसतं. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनने तो क्लब १९८६ ते २०१३ सांभाळला, हेही त्यांना पाठ असतं. पण त्याच २०१३ साली आपल्या शेजारच्या गोव्यात अशीच एक इनिंग संपली. ती मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही.

आर्मांदो कुलासो. फर्ग्युसनसारखाच आधी खेळाडू, मग कोच. २००० साली त्याने धेंपो क्लब हाती घेतला आणि १३ वर्षं सोडला नाही.

यातला सगळ्यात कठीण दिवस हरण्याचा नव्हता, जिंकण्याचा होता. ५ डिसेंबर २००४, बंगळूर, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनिअरने दोन गोल केले. दुसरा करताना तो गोलकीपरवर आदळून कोसळला आणि गेला. कप मिळाला, पण तो घेऊन नाचणार कोण? क्लबने त्याची १० नंबरची जर्सी कायमची बंद केली. अशा मोडलेल्या टीमला कुलासोने पुन्हा उभं केलं आणि त्याच मोसमात धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली! पुढे २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. एकूण पाच विजेतेपदं.

हे जमलं कसं? माझ्या मते त्याचं खरं हत्यार म्हणजे वेळ. समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची पोरं त्याच्याकडे वर्षानुवर्षं एकत्र खेळली. २०११ मध्ये त्याला भारताचा कोच केलं, तेव्हा नेमका हा वेळच नव्हता. वर्ल्ड कप पात्रता फेरीत यूएईकडून ०-३ हार, मग दिल्लीत २-२ बरोबरी, आणि काही महिन्यांत पद सुटलं. माणूस तोच, फक्त घड्याळ वेगळं.

२०१३ मध्ये तो ईस्ट बंगालला गेला. २०१४-१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. त्याला इतरही कारणं असतील म्हणा. पण समीर नाईक पुढे धेंपोचाच कोच झाला, आणि क्लिफर्डने २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला.

दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्या आपल्यासारख्यांच्या रेझ्युमेमध्ये प्रोजेक्ट भरपूर असतात. आपण घडवलेली माणसं किती, हा रकानाच नसतो. कुलासोचा तो रकाना भरलेला आहे.